खोडाचा आकार आणि लाकडाचं घनफळ

मंडळी, आधी एक ओंडका घेऊ. लांबी ६ मीटर, घेर बुडाशी १८० सेंटिमीटर, मधोमध १२०, वरच्या टोकाला ९६. त्याचं घनफळ काढायच्या तीन रीती, त्यांच्या कर्त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या. ह्यूबरची रीत फक्त मधला छेद, म्हणजे आडव्या कापाचं क्षेत्रफळ, धरते आणि ०.६९ घनमीटर सांगते. स्मॅलियन दोन टोकांच्या छेदांची सरासरी काढतो, उत्तर ०.९९. न्यूटन तिन्ही छेद घेतो, मधल्याला चौपट भार देतो, उत्तर ०.७९. ओंडका तोच.

लाकडाच्या व्यापारातली पाव घेराची रीत मधल्या घेराच्या चौथ्या भागाचा वर्ग करून लांबीने गुणते, तिचं उत्तर ०.५४. ती गोल छेदाच्या ७८.५ टक्केच क्षेत्रफळ धरते, म्हणून आकड्यासोबत रीतही लिहिलीच पाहिजे.

स्मॅलियन एवढा का फुगला? बुडाशी खोड पसरतं, त्याची कड आत वळलेली असते. मधला भाग पॅराबोलॉइडसारखा, म्हणजे कड बाहेर फुगलेला, शेंडा शंकूसारखा. सागाच्या बुंध्याला तर खाचा असतात; टेप खाचांवरून ताणून जाते आणि छेद खऱ्यापेक्षा मोठा येतो.

उभ्या झाडाला मधोमध टेप लावता येत नाही. आपल्याकडे घेर १.३७ मीटर उंचीवर मोजतात, अनेक देशांत १.३ वर, दुसरीकडचं समीकरण उचलताना हा फरक आधी पाहा. या घेरावरून निघणाऱ्या एका व्यासावरून आणि झाडाच्या उंचीवरून कोणत्याही उंचीवरचा व्यास सांगणारं समीकरण म्हणजे टेपर मॉडेल (टेपर म्हणजे खोडाचं निमुळतं होत जाणं). १९७६ मध्ये मॅक्स आणि बर्कहार्ट यांनी समीकरणात खोडाचे तीन भाग मानले आणि त्यांची सूत्रं एकमेकांना जोडली. १९८८ मध्ये कोझाक यांनी एकच सूत्र ठेवलं, पण त्यातला घातांक उंचीनुसार बदलता केला. छेदाच्या क्षेत्रफळाचं उंचीवर संकलन (इंटिग्रेशन) केलं की घनफळ मिळतं, आणि हव्या त्या दोन उंचींमधल्या ओंडक्याचंही मिळतं. मला यातला खरा फायदा तोच वाटतो.

असं मॉडेल बसवण्यासाठी पाडलेल्या झाडावर मापं घेताना बुडाशी दाटी करा: ०.१, ०.३, ०.६, ०.९, १.३७ मीटर, पुढे दर मीटर-दोन मीटरला. गाठीवर किंवा फांदीच्या फुगवट्यावर माप येत असेल तर वर आणि खाली, सारख्या अंतरावर, दोन मापं घेऊन सरासरी काढा. सालीची जाडी वेगळी नोंदवा.

आता संख्याशास्त्रातली गफलत. ५० झाडांवर १२-१२ मापं घेतली म्हणजे ६०० स्वतंत्र नोंदी झाल्या, असं नाही. एकाच खोडावरच्या चुका एकमेकींना चिकटलेल्या असतात. हे दुर्लक्षिलं तर समीकरणातल्या गुणांकांची अनिश्चितता खोटी कमी दिसते. म्हणून मॉडेलमध्ये प्रत्येक झाडाला स्वतःचा यादृच्छिक परिणाम (रँडम इफेक्ट), म्हणजे सरासरीपासूनचा त्याचा स्वतःचा फरक, द्या, आणि तपासणीसाठी सुट्या नोंदी न काढता अख्खी झाडं बाजूला ठेवा.

दुसरी चूक छुपी आहे. मॉडेल व्यास सांगतं, आपण त्याचा वर्ग करतो. त्या वर्गात अंदाजातल्या चुकांचं विचरण, म्हणजे प्रमाण विचलनाचा वर्ग, जमा केलं नाही तर क्षेत्रफळ कमी येतं. चुकांचं प्रमाण विचलन (चुका साधारण किती इकडेतिकडे होतात त्याचं माप) २ सेंटिमीटर असेल तर ३० सेंटिमीटर व्यासाला ९०० ऐवजी ९०४, म्हणजे अर्ध्या टक्क्याहून कमी फरक. ८ सेंटिमीटरच्या शेंड्याला मात्र ६४ ऐवजी ६८, सहा टक्के.

मुंबईच्या रस्त्यावरच्या झाडांना लागवडीतल्या सागाचं समीकरण लावू नका. दाटीत वाढलेलं खोड वरपर्यंत बरंच सारखं राहतं. मोकळ्यावरचं झपाट्याने निमुळतं होतं आणि त्याला खालीच फांद्या फुटतात. त्यातून पावसाळ्याआधी शेंडा छाटला असेल तर मोजलेली उंची ही झाडाची मूळ उंची नसते. मग सगळं सापेक्ष उंचीचं, म्हणजे एकूण उंचीच्या कितव्या भागावर आहोत याचं, गणित सरकतं. अशा झाडाचं खोड पहिल्या मोठ्या फांदीपर्यंतच धरावं, आणि तुकड्या-तुकड्याने न्यूटनच्या रीतीने मोजावं.