पायलट केव्हा विझतो, ते बघा

नमस्कार श्रोतेहो.

"पायलट टिकतच नाही हो, लावला की विझतो." गॅस गिझरमधल्या पायलटबद्दल, म्हणजे मोठा जाळ पेटवायला आत सतत जळणाऱ्या छोट्या ज्योतीबद्दल, मुंबईतल्या घरांतून ही तक्रार सारखी ऐकू येते, आणि त्यावरचा उपायही ठरलेला असतो: पुन्हा लावायचा. अंगाला साबण, बाहेरून कुणीतरी दार वाजवतंय, अशा वेळी दुसरं काही सुचत नाही, हे मान्य. पण ती ज्योत नेमकी केव्हा विझते याकडे लक्ष दिलंत, तर निम्मं निदान घरच्या घरी होतं.

पायलटची ज्योत थर्मोकपल नावाच्या एका छोट्या दांडीच्या टोकाला तापवत असते. टोक तापलं की त्यात जेमतेम 20 ते 30 मिलिव्होल्ट वीज तयार होते. तेवढ्याशा विजेवर आतला चुंबक गॅसची झडप उघडी धरतो. ज्योत गेली, टोक निवलं, की झडप आपोआप बंद. घरात गॅस साचू नये म्हणून केलेली ही सोय आहे.

आता, नॉब दाबलेला असेपर्यंत ज्योत राहते आणि सोडला की जाते, असं होतं का? मग आधी नॉब अर्धा-पाऊण मिनिट दाबून धरा. बरेच जण पाच सेकंदांत सोडतात. तरीही जात असेल तर थर्मोकपलवर संशय घ्या. टोकावर काजळी धरली असेल, जोड सैल झाला असेल, नाहीतर आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत गंजला असेल. आणि ज्योतच पिवळी, मरगळलेली दिसली, तर पायलटच्या जेटमध्ये, म्हणजे गॅस सुटतो त्या बारीक भोकात, धूळ किंवा कोळ्याचं जाळं असतं. तिथे सुई मात्र खुपसू नका. भोक जरासं जरी मोठं झालं तरी ज्योतीचं गणित बिघडतं.

सिलिंडर जाऊन पाइपचा गॅस आला आणि तेव्हापासूनच हा त्रास सुरू झाला, असंही होतं. शेगडीचे जेट बदलले जातात, गिझर राहून जातो. सिलिंडरच्या गॅसचा जेट बारीक असतो. पाइपमधून येतो तो नैसर्गिक वायू. त्याला भोक मोठं लागतं. जुन्या जेटवर ज्योत इतकी बारीक होते की थर्मोकपल तापतच नाही. हे काम कंपनीच्या किंवा गॅसवाल्यांच्या अधिकृत माणसाकडूनच करून घ्या.

जून-जुलैत समुद्राकडून वारा सुटला की खिडकीच्या काचपट्ट्यांतून थेट झोत येतो. तेव्हाच पायलट जात असेल तर बिघाड गिझरमध्ये नाही. पण एक्झॉस्ट फॅन लावल्यावर जात असेल, तर प्रकरण गंभीर आहे. बंद बाथरूममधली हवा फॅन बाहेर ओढतो, आणि तिची जागा भरायला गिझरच्या धुराड्यातूनच हवा उलटी आत येते. तिच्याबरोबर जळलेला वायूही येतो.

सगळ्यात घाबरावं ते याला: पाणी गरम येतंय, दहा मिनिटं सगळं ठीक, आणि मग ज्योत विझते. हवेत प्राणवायू साधारण 21 टक्के असतो. काही गिझरमध्ये तो 18 टक्क्यांच्या आसपास उतरला की पायलट मुद्दाम विझावा, अशीच रचना असते. तिथे काडी ओढून पुन्हा पेटवणं म्हणजे कुत्रा भुंकतोय म्हणून त्याचं तोंड बांधणं. प्राणवायू कमी पडला की जळणातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. गळती कळावी म्हणून गॅसमध्ये वास मिसळलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. डोकं जड झालं, मळमळलं, तर गिझर बंद करा आणि लगेच मोकळ्या हवेत या. खरं तर गिझर बाथरूमच्या बाहेर, हवेशीर जागी हवा आणि त्याचं धुराडं थेट इमारतीबाहेर निघायला हवं. टाइल्सची शोभा जाते म्हणून धुराडं काढून टाकणारे लोक पाहिले की मला राग येतो.

काहींच्या गिझरमध्ये दोन जाडे सेल असतात, नळ सोडला की टिकटिक होऊन पेटतो. त्यात कायम जळणारा पायलट नसतोच. तिथे सेल बदला, पावसाळ्यात त्यांच्या पट्ट्यांवर हिरवी पूड धरते ती पुसा. वरच्या मजल्यावर राहत असाल तर पाण्याचा दाबही बघा. टाकी डोक्यावरच, उंची कमी, आणि पुरेसा दाब नसेल तर हा गिझर पेटतच नाही.

पुन्हा लावण्याआधी गॅस बंद करून पाच मिनिटं थांबा आणि वास येतोय का बघा. आला तर काडी नाही, दिव्याचं बटणही नाही. खिडक्या उघडायच्या, बाहेर पडायचं आणि तिथून फोन लावायचा. सिलिंडरच्या गळतीसाठी 1906, पाइप गॅसचा तातडीचा क्रमांक तुमच्या बिलावर.

आणि मेकॅनिकला बोलावलंत की नुसतं "गिझर बिघडलाय" म्हणू नका. नॉब सोडल्यावर जातो, की वाऱ्याने, की फॅन लावल्यावर, की आंघोळीच्या मध्येच, ते सांगा. न बघताच "थर्मोकपल बदलू" म्हणाला, तर आधी धुराडं तपासायला लावा.

नमस्कार.