खेकडा बघायला गेलो होतो

श्रोते हो, नमस्कार.

आज गाड्यांबद्दल बोलायचं आहे. धावणाऱ्या नाही, उभ्या असलेल्या. दिल्लीत चाणक्यपुरीला राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आहे. १ फेब्रुवारी १९७७ ला ते लोकांसाठी खुलं झालं. दहा एकरांहून मोठी मोकळी जागा, तिच्यात रूळ टाकलेले आणि त्या रुळांवर आपल्या आजोबा-पणजोबांच्या वेळची इंजिनं आणि डबे. तुम्ही दिल्लीला गेलात, लाल किल्ला झाला, कुतुबमिनार झाला आणि एक दिवस हाताशी उरला, तर तिथे जाच. पण एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. सोमवारी ते बंद असतं. पुन्हा सांगते, सोमवारी बंद. आणि रविवारी उघडं असलं तरी जाऊ नका. का, ते सांगायलाच आज बसले आहे.

आम्ही रविवारी गेलो होतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. जानेवारी महिना. दिल्लीत आमच्या मावसभावाचं लग्न होतं. शनिवारी लग्न लागलं, परतीची गाडी सोमवारची. मधला रविवार मोकळा. बायका म्हणाल्या, करोलबागला जाऊ. माझे मोठे मामा म्हणाले, "मी खेकडा बघायला जाणार."

आता खेकडा म्हटल्यावर कोकणातल्या श्रोत्यांच्या तोंडाला पाणी सुटलं असेल, पण हा खेकडा वेगळा. कल्याण, कसारा, इगतपुरी, कर्जत या भागात ज्यांच्या घरात कुणी रेल्वेत होतं, त्यांना लगेच कळलं असेल. खेकडा म्हणजे घाटातलं जुनं विजेचं इंजिन. १९२८ पासून आलं. त्या जातीची एकूण ४१ इंजिनं, पहिली काही स्वित्झर्लंडची आणि बाकीची इंग्लंडात बांधलेली. याचे स्वित्झर्लंडमधले भाऊबंद आहेत, त्यांना तिकडे मगर म्हणतात. आपल्याकडच्या कामगारांनी त्याचा खेकडा केला. मधे ड्रायव्हरची खोली, पुढे-मागे दोन लांब नाकाडं. वळणावर ही नाकाडं वेगळी वळायची, मधला भाग वेगळा. आणि बाजूला, वाफेच्या इंजिनाला असतात तशा, चाकं एकमेकांना जोडणाऱ्या लोखंडी दांड्या. इंजिन विजेचं, पण दांड्या वाफेच्या इंजिनासारख्या! उभं असलं की कण्हायचं आणि धावायला लागलं की सपसप आवाज करायचं. मामा म्हणायचे, "रात्री कसाऱ्याला खेकडा कण्हत नसला, तर मला झोप लागायची नाही."

मामा त्यावर असिस्टंट होते. मालगाडी कसाऱ्याहून इगतपुरीला चढवायची, तर पुढचं इंजिन पुरत नाही. थळ घाटाचा चढ ३७ फुटांमागे १ फूट. म्हणून मागून ढकलायला इंजिनं लावतात, त्यांना बँकर म्हणतात. मामांचं उमेदवारीचं सगळं आयुष्य या बँकरवर, म्हणजे गाडीच्या ढुंगणाशी गेलं. हे माझे शब्द नाहीत हो, त्यांचेच आहेत. त्यातली एक गंमत ते नेहमी सांगायचे. हे इंजिन घाट उतरताना नुसते ब्रेक लावत नसे. उतरताना त्याच्या मोटारी उलट वीज तयार करायच्या आणि ती वरच्या तारेत परत जायची. म्हणजे उतरणारी गाडी चढणाऱ्या गाडीला हात द्यायची. आज मोठमोठ्या जाहिरातींत वीज वाचवण्याच्या गोष्टी करतात. आमच्या घाटात हे १९३० च्या सुमाराला चालू होतं.

तर असा हा खेकडा मामांना बघायचा होता. बरं, खेकडा मुंबईतही जपून ठेवलेला आहे. पण मुंबईचा कधीही बघता येईल, या भरवशावर तो कधीच बघितला जात नाही. घरापासून दहा मिनिटांवरच्या देवळाचंही तसंच असतं.

आम्ही साडेदहाला पोचलो, तर दारातच माणसांचा समुद्र. थंडीत ऊन पडलेला दिल्लीचा रविवार म्हणजे काय, ते तिथे जाऊनच कळतं. अख्ख्या घरादारासह लोक आलेले. चटया, डबे, संत्री, गजक, शेंगदाणे. संत्र्याच्या सालींचा वास मला अजून येतो. आत सगळीकडे फोटो. इंजिनाशी फोटो, डब्याशी फोटो, पाटीशी फोटो, आणि पाटी वाचणारा माणूस एकही नाही. माझं तर मत आहे की पाट्या वाचणाऱ्याला तिकिटात सूट द्यावी. असो.

गर्दीतही जे पाहता आलं, ते भरभर सांगते. पतियाळाची मोनोरेल. १९०७ ची. एकच रूळ, आणि तोल जाऊ नये म्हणून बाजूला एक मोठं चाक थेट रस्त्यावरून चालायचं. सुरुवातीला तर ती खेचरं ओढत. १९२७ ला बंद पडली आणि कुणाला आठवलीही नाही. १९६२ साली तिचे अवशेष एका शेडमध्ये सापडले, तेव्हा ती परत उभी राहिली. दुसरं, बडोद्याच्या गायकवाडांचा डबा, १८८६ चा. आणि म्हैसूरच्या महाराजांचा, १८९९ चा. या डब्यांच्या काचांना नाक लावून बघणाऱ्यांची रांग मोनोरेलपेक्षा मोठी होती. राजाचा पलंग बघायला आपल्या लोकांना फार आवडतं. तिसरं, बिनआगीचं इंजिन. हो, त्यात विस्तवच नाही. खताच्या कारखान्यात ठिणगी उडाली तर घात व्हायचा, म्हणून बाहेरच्या बॉयलरमधून त्यात वाफ भरायची आणि तेवढ्यावर ते चालायचं. आपला चहाचा थर्मास असतो ना, तसा चाकांवरचा थर्मास.

पुष्कळ लोक तिथे विचारत होते की पहिल्या गाडीचं इंजिन कुठे आहे? १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, साहिब, सिंध आणि सुलतान. तर श्रोते हो, या तिघांपैकी एकही आज उरलेलं नाही. मोडीत गेली. आपण मोडीत काढण्यात पटाईत. आमच्याकडे आजीचा पितळी बंब होता, तोही असाच गेला, आणि आता तसलाच बंब हॉटेलच्या दारात शोभेला ठेवलेला दिसला की माझा जीव जळतो. पण ते राहू दे.

मी मामांकडे येते.

दिल्लीची थंडी म्हणून मामांनी आदल्या दिवशीचा लग्नातला कोट घातला होता. काळा कोट. आत पांढरा शर्ट. खाली पांढरी पँट. लक्षात येतंय ना? रेल्वेचं संग्रहालय, तुडुंब गर्दी, आणि मधोमध काळ्या कोटातला एक ताठ म्हातारा.

पाच मिनिटांत एक बाई आल्या. "भाईसाब, छोटी ट्रेन का टिकट यहीं मिलेगा?" तिथे आवारात मुलांना फिरवून आणणारी एक छोटी गाडी आहे, तिच्याबद्दल विचारत होत्या. मामा म्हणाले, "मालूम नहीं." बाई रागावल्या. "मालूम नहीं? फिर खड़े किसलिए हैं?"

मग दुसरे आले. मग तिसरे. प्रसाधनगृह कुठे, पाणी कुठे, बाहेरचा दरवाजा कुठे. एकाने तर तिकीट पुढे केलं आणि म्हणाला, "चेक कर लीजिए."

आता हे समजून घ्या. माझे मामा रनिंग स्टाफमधले. गाडी चालवणारी माणसं. आणि गाडी चालवणाऱ्यांचं आणि तिकीट तपासणाऱ्यांचं काय नातं असतं, हे रेल्वे कॉलनीत राहिलेल्यांना विचारा. मामांच्या घरी टीसी हा शब्द शिवीसारखा वापरायचे. त्या माणसाला साठ हजार डोळ्यांदेखत टीसी समजावं? बरं, साठ हजार नसतील. मला तेवढे वाटले.

मामी म्हणाली, "अहो, कोट काढा." मामा म्हणाले, "थंडी तू सोसणार का?"

शेवटी त्या छोट्या गाडीच्या रांगेपाशी बोलाचाली झाली. पुढे कोण, मागे कोण, यावरून दोन कुटुंबं एकमेकांच्या अंगावर आली. मधे एक लहान मुलगी चेंगरायला लागली. मामांनी तिला पुढे ओढून घेतलं आणि असा आवाज लावला, असा लावला, की कसाऱ्याचा पॉइंट्समन इगतपुरीला ऐकेल. "एक लाइन! बच्चा आगे, बडा पीछे! धक्का नहीं!" आणि श्रोते हो, रांग लागली. दिल्लीत! शंभर-सव्वाशे माणसं मुकाट्याने एका ओळीत. काळ्या कोटाची जादू.

मग काय, मामा अडकलेच. जरा हलले की रांग मोडायची. पुन्हा आले की सरळ व्हायची. तिथला एक तरुण कर्मचारी एकटाच गर्दीशी झुंजत होता. तो धावत आला, मामांकडे पाहून क्षणभर थबकला आणि त्याने चक्क सलाम ठोकला. त्याला वाटलं, कुणी वरचे साहेब न सांगता पाहणीला आलेत. मी खुलासा करायला तोंड उघडलं, तर मामांनी डोळ्यांनी गप्प केलं. टीसीवरून थेट साहेब! एवढी बढती त्यांना सगळ्या नोकरीत मिळाली नव्हती.

बारा वाजले. एक वाजला. आम्ही भटुरे खाऊन आलो. दोन वाजले. मामा रांगेपाशीच. मधे एक मुलगा त्यांना विचारून गेला, "अंकल, ये पुरानी वाली ट्रेनें चलती हैं?" मामा म्हणाले, "चलती हैं. आज इतवार है, छुट्टी."

गर्दी ओसरायला साडेतीन झाले. तेव्हा मामा म्हणाले, "चला आता, खेकडा."

ऊन उतरत होतं. खेकडा एका बाजूला उभा. त्याच्याजवळ कुणीच नव्हतं, कारण त्याला राजाचा पलंग नाही. मामा पुढे गेले. मला वाटलं होतं, आता डोळ्यांत पाणी येईल, काही बोलतील. कसलं काय! ते वाकले, त्या बाजूच्या दांडीच्या सांध्यावरून बोट फिरवलं, बोट उजेडात धरून पाहिलं आणि चिडून म्हणाले, "कोरडं ठणठणीत!"

असिस्टंटचं काम काय, तर इंजिनाला तेल आहे की नाही बघणं. तेल नाही म्हणजे काम झालेलं नाही. उभ्या इंजिनाला तेल कशाला, असं मी म्हणून पाहिलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुढे बोललेच नाही.

"तेल आहे का कुणाकडे?"

मामीच्या पर्समध्ये होतं. ओठ फुटतात म्हणून तिने खोबरेल तेलाची इवलीशी बाटली आणली होती. पण दिल्लीचा जानेवारी! तुम्हाला सांगायला नको, बाटलीत पांढरा दगड झालेला. उलटी केली तरी थेंब नाही.

मग माझे मामा, सत्तरीचे, ती बाटली दोन्ही मुठींत धरून खेकड्यासमोर उभे राहिले. मग काखेत धरली. कोटाच्या आत. दहा मिनिटं. मामी म्हणते, "चला, बंद व्हायची वेळ झाली." मामा म्हणतात, "थांब, कडेचं सुटतंय." लोक बाहेर निघाले होते. कुठेतरी शिट्टी वाजली.

तेल सुटलं. मामांनी इकडेतिकडे पाहिलं आणि त्या सांध्यावर थेंब टाकले, एक, दोन, तीन, चार. तुम्ही असं करू नका बरं का. जपलेल्या वस्तूंना हात लावायचा नसतो, हे मीच माझ्या मुलांना दिवसभर ओरडून सांगत होते. तेवढ्यात मागे पावलं वाजली. सकाळचाच तो सलाम ठोकणारा मुलगा. त्याने मामांच्या हातातली खोबरेल तेलाची बाटली पाहिली. दांडीवरचं चकाकणारं तेल पाहिलं. आणि अदबीने विचारलं, "सर, इन्स्पेक्शन हो गया?"

मामांनी बाटलीचं झाकण लावलं. कोटाचं बटण लावलं.

"हो गया," ते म्हणाले. "ठीक है."