कालिया कोन होईन?

(दृश्य: तान्ह्या पोळ्याची सकाळ. ओट्यावर लाकडी बैल, शिंगांना बेगड. मागून पोरांचा गलका.)

काल बैलांचा पोळा झाला, आज लेकरांचा. आर्वी तालुक्यातलं, वर्धा नदीच्या अलीकडचं हे माझं गाव. आज इथं घरात पोट्टं सापडणार नाही. कुणी लाकडी बैलाच्या चाकाला गोडेतेल लावतंय, कुणी आजीच्या जुन्या लुगड्याच्या काठाची झूल करतंय. दुपारी मारुतीच्या पारासमोर बैल रांगेत उभे राहतील, मग वेशभूषा, आणि मग घरोघर फिरून बोजारा, म्हणजे पोळ्याचे पैसे, गोळा करायचा.

शाळेमागच्या कडुलिंबाखाली पोरं जमली आहेत. वेशभूषेत यंदा त्यांना 'छोटा भीम' या कार्टूनमधलं गाव, ढोलकपूर, करायचं आहे. भीम कोण, यावर थोडी ढकलाढकली झाली. ज्याच्या घरात नारिंगी धोतर होतं, तो भीम ठरला. चुटकीसाठी दोघी भांडल्या. जग्गू माकडाची शेपटी सुतळीची करायचं ठरलं. मग एकानं विचारलं, "कालिया कोन होईन?"

कुणी उत्तर दिलं नाही. सगळ्यांनी एकाच पोराकडं पाहिलं.

तो चौथीत आहे. अंगानं काटकुळा. टीव्हीवरचा कालिया चांगला दांडगा आहे, पोरांत सगळ्यांत थोराड. लिंबाखालच्या घोळक्यातही तसं एक दांडगं पोर होतं, पण ते जग्गू झालं. त्याच्याकडं कुणी पाहिलं नाही. आमच्या माहितीपटाच्या कॅमेऱ्यात हे आलं आहे. मी ते पुन्हा पुन्हा पाहिलं. पाहायला लागलेला वेळ फार तर दोन सेकंद. कुणी कुणाला खूण केली नाही, कुणी हसलंही नाही. सगळ्यांना आधीच माहीत होतं.

"होतो ना," तो म्हणाला आणि चप्पल शोधू लागला.

(दृश्य: घराचा दरवाजा. आई पोराचे केस विंचरते आहे.)

तासाभरानं आम्ही त्याच्या घरी गेलो. त्याची आई त्याला तयार करत होती. केसांना तेल, डोळ्यांत काजळ, आणि मग तिनं पावडरचा डबा घेतला. तळहातावर पावडर घेऊन दोन्ही हातांनी त्याच्या तोंडाला चोळली, मानेला चोळली, कानामागं चोळली. तेवढ्यात भीम बोलवायला आला. दारातूनच ओरडला, "काकू, कालियाले पावडर काऊन लावली वं?"

ती माऊली काही बोलली नाही. पदराचा शेव ओला केला आणि पोराचं तोंड पुसून काढलं. मानेवरची पावडर तशीच राहिली.

हा प्रसंग ठेवावा की गाळावा, यावर आमचं दोन दिवस बोलणं झालं. तिला विचारून ठेवला आहे.

(दृश्य: पारावर जुना टीव्ही, त्यावर धूळ.)

'छोटा भीम' २००८ साली पोगो वाहिनीवर सुरू झालं. हैदराबादच्या ग्रीन गोल्ड ॲनिमेशनचं काम, राजीव चिलका यांची निर्मिती. मी तेव्हा पाचवीत होते. गावात डिश टीव्ही दोनच घरी होता आणि आम्ही त्या घरच्या ओसरीत बसून पाहायचो. आपल्यासारखं गाव, आपल्यासारखे लाडू, धोतर नेसलेला पोरगा. परदेशी कार्टून पाहून आलेल्या आम्हा लेकरांना हे किती आपलं वाटलं असेल, ते सांगून कळायचं नाही. ढोलकपूर आम्हाला नदीपलीकडंच वाटायचं.

मला चुटकी व्हायचं होतं. चुटकीच्या गालांवर दोन गुलाबी गोळे असतात, म्हणून मी देव्हाऱ्यातलं कुंकू गालांना लावलं. सावळ्या गालावर कुंकू गुलाबी दिसत नाही, जखमेसारखं दिसतं. मैत्रिणी म्हणाल्या, "तू राजकुमारी इंदुमतीची दासी हो." मी झाले. तीन पोळे मी दासी होते. दासीला बोलायला काहीच नसतं, नुसतं मागं उभं राहायचं.

म्हणून हा माहितीपट. आवडीनिवडीशी माझं भांडण नाही. कुणाला भीम आवडो, कुणाला मोटू, कुणाला शिनचॅन. पण एखादं पात्र आवडतं की आवडत नाही, हे ठरवताना आपण त्याची करणी पाहतो की कातडी, हे मला गावात बसून पाहायचं होतं.

कालियाचंच घ्या. तो भांडकुदळ आहे, हावरट आहे, भीमावर जळतो. खरं आहे. पण ढोलकपूरवर संकट आलं की हाच कालिया भीमासोबत जातो. हे लेकरांना आठवत नाही. नावातच काळा आहे, आणि आमच्याकडं वर्गातल्या सावळ्या पोराला हाक मारायला ते नाव आयतं मिळालं. २०२० साली ट्विटरवर 'चुटकीला न्याय द्या' अशी लाट आली होती. भीमाचं लग्न इंदुमतीशी झालं म्हणून मोठी माणसं चिडली होती. शेवटी कंपनीला सांगावं लागलं की ही सगळी लेकरं आहेत, कुणाचं लग्नबिग्न झालेलं नाही. चुटकीसाठी एवढे लोक धावले याचं मला बरं वाटलं होतं. कालियासाठी तसं कुणी बोललेलं माझ्या पाहण्यात नाही.

(दृश्य: जिल्हा परिषदेची शाळा. फरशीवर बसून चित्रं काढणारी मुलं. बारा खडूंच्या पेट्या.)

शाळेत आम्ही काही शिकवायला गेलो नव्हतो. बाईंनी चित्रकलेचा तास दिला आणि मुलांना सांगितलं, आपलं घर काढा. एक पोरगी माझ्या शेजारी बसली होती. तिनं घर काढलं, तुळस काढली, आई, बाबा, आजी आणि स्वतःला काढलं. मग पेटीतला एक खडू घेतला. तो इतका झिजला होता की नखात धरावा लागत होता. त्या खडूला सगळी मुलं 'स्किन कलर' म्हणतात. फिका, पिवळसर गुलाबी. आई झाली, बाबा झाले, आजीच्या अर्ध्यात खडू संपला. ती थांबली. पलीकडच्या पोराचा स्किन कलर मोकळा व्हायची वाट पाहत बसली.

तिच्या पेटीत चॉकलेटी खडू होता. टोकदार, नवाकोरा, फक्त झाडाच्या खोडापुरता वापरलेला.

मी विचारलं, "आजीचा रंग असा आहे का गं?"

ती म्हणाली, "नाई. पन मानसाले हाच देते."

तिची आजी उभं आयुष्य वावरात राबलेली. कापूस वेचता वेचता उन्हानं रापलेली. त्या आजीच्या मांडीवर वाढलेली ही पोरगी माणसाला कोणता रंग द्यायचा ते खडूच्या पेटीवरून शिकली.

अमेरिकेत क्रेयोला कंपनीच्या पेटीतही असा एक खडू होता. त्याचं नाव 'फ्लेश', म्हणजे अंगाच्या मांसाचा रंग. १९६२ साली कंपनीनं ते नाव बदलून 'पीच' केलं, आणि २०२० साली माणसांच्या कातडीच्या २४ छटांची वेगळी पेटी काढली. त्याच देशात १९४० च्या दशकात केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ नवरा-बायकोनं लहान मुलांपुढं गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवून विचारलं होतं, चांगली कोणती, वाईट कोणती? कित्येक काळ्या मुलांनीही गोरी बाहुली चांगली म्हणून उचलली. १९५४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं शाळांमधली वर्णानुसार फाळणी घटनाबाह्य ठरवली, त्या निकालात या कामाचा उल्लेख आहे. ती सगळी मुलं गुलामीच्या इतिहासातून आलेली होती. आमच्या शाळेतल्या पोरांचा इतिहास वेगळा, पण त्यांचा हात त्याच खडूकडं जातो.

(दृश्य: पावसानं भिजलेलं वावर. पऱ्हाटीला फुलं. नांगरटीची काळी ढेकळं.)

या मातीला आम्ही 'काळी' म्हणतो. वावर काळ्या रानातलं आहे म्हटलं की सोयरे मान देतात. धुऱ्यावर बसलेले एक काका मला म्हणाले, "जमीन काळी पायजे, सून गोरी पायजे." ते गमतीनं बोलले नव्हते. पोराच्या सोयरिकीचं सांगत होते.

लग्नाच्या परिचयपत्रावर आपण 'वर्ण' लिहितो. गोरा, निमगोरा, गहूवर्णी. निमगोरा हा शब्द किती कष्टानं घडवला असेल! आणि वर्ण हा शब्द रंगाचाही आहे आणि उतरंडीचाही. अमेरिकेत जो वंशाचा प्रश्न आहे, तो आपल्याकडं या एका शब्दात जातीसकट बसलेला आहे. लिंबाखालच्या त्या दोन सेकंदांत सगळ्यांचे डोळे एकाच पोराकडं वळले, ते नुसत्या रंगानं वळले की वस्ती पाहूनही वळले, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. त्याचं घर गावाच्या शेवटच्या गल्लीत आहे, एवढं सांगते.

(दृश्य: संध्याकाळ. आयटीआयला जाणारा मुलगा मोबाईलवर बोटानं चित्र काढतो आहे.)

मोठी पोरं आता भीम पाहत नाहीत, नारुतो हे जपानी कार्टून पाहतात. हिंदीत डब झालेला. हा मुलगा नारुतोची चित्रं काढून इन्स्टाग्रामवर टाकतो. हात फार सुंदर आहे त्याचा. त्याचं आवडतं पात्र किलर बी, ढगांच्या गावातला सावळा योद्धा. आठ शेपटांचा राक्षस अंगात बाळगतो, त्याच्याशी मैत्री करतो, आणि आपला राक्षस कसा आवरायचा हे नारुतोला शिकवतो.

"पन चित्र सासुकेचंच चालते," तो म्हणाला. सासुके म्हणजे नारुतोचा गोरा मित्र.

मी म्हटलं, सासुकेनं तर गाव सोडलं, मित्रांच्या जिवावर उठला, किलर बीला पकडायला गेला.

"आन् बीनं त्याले धुतला ना ताई! तरी लोकाइले सासुकेच पायजे. त्याचं सारं माफ हाय." मग त्यानं मला दोन चित्रं दाखवली. दोन्हीत किलर बी, एकच रेघ, एकच पोज. एकात त्याचा खरा रंग, दुसऱ्यात दोन घरं उजळ केलेला. "खरा रंग ठेवला का कोनी म्हनते फिल्टर लाव. उजळ केला का म्हनते भारी."

'त्याचं सारं माफ' हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. सासुके आवडण्यात काही वाईट नाही. त्याचं दुःख मोठं आहे, ते नीट सांगितलेलं आहे. पण दुःख कालियालाही असेल. ते कुणी लिहिलेलंच नाही, आणि चाहत्यांनाही ते लिहावंसं वाटत नाही.

चाहत्यांनी मनावर घेतलं तर काय होतं, तेही याच मुलाला माहीत होतं. 'अवतार: द लास्ट एअरबेंडर' ही अमेरिकी कार्टून मालिका २००५ ते २००८ चालली. तिच्यातले कटारा आणि सोक्का हे बहीणभाऊ सावळे आहेत. २०१० साली तिच्यावर चित्रपट आला, तेव्हा या दोघांच्या आणि नायक आंगच्या भूमिका गोऱ्या कलाकारांना मिळाल्या, आणि आग लावत फिरणाऱ्या शत्रूराष्ट्रातले दोन मुख्य चेहरे भारतीय वंशाचे. मूळ मालिकेत नेमकं उलटं आहे, तिथं आगीचं राष्ट्र फिक्या रंगाचं. दिग्दर्शक एम. नाइट श्यामलन, म्हणजे आपल्याच मुलखात जन्मलेला माणूस. चाहत्यांनी चित्रपट यायच्या आधीपासून मोहीम चालवली, पत्रं लिहिली, निदर्शनं केली. ते कटाराच्या रंगासाठी भांडले, कारण त्या रंगाच्या पोरींना पडद्यावर स्वतःचा चेहरा पहिल्यांदा दिसला होता. 'द सिम्पसन्स' या अमेरिकी कार्टूनमधल्या अपू या भारतीय दुकानदाराला तीस वर्षं गोरा कलाकार हँक अझारिया आवाज देत होता. हरी कोंडाबोलू या विनोदी कलाकारानं २०१७ साली त्यावर माहितीपट केला, आणि २०२० साली अझारियानं तो आवाज सोडला. त्या वेळीही कितीतरी चाहते चिडले. आमचं आवडतं पात्र बिघडवू नका म्हणाले. आपल्या आवडीत कुणाचा अपमान मिसळलेला आहे, हे ऐकून घेणं जड जातं. मलाही छोटा भीम अजून आवडतं, म्हणून हे मला कळतं.

(दृश्य: नदीचा काठ. पलीकडं कौंडण्यपूरचा घाट.)

नदीच्या पलीकडं कौंडण्यपूर. रुक्मिणीचं माहेर. खडूवाल्या पोरीची आजी मला तिथला घाट दाखवत म्हणाली, "आमच्या रुक्मिनीनं सावळाच नवरा पायला. चिठ्ठी धाडून बलावला." कृष्ण सावळा, द्रौपदीचं तर नावच कृष्णा. पण कार्टूनवाल्यांनी कृष्ण निळा करून टाकला, म्हणून नातीला तो सावळा आहे हे ठाऊकच नव्हतं. "काळा होता?" तिनं डोळे मोठे करून विचारलं. आजी म्हणाली, "मंग!" आणि दुसऱ्याच वाक्यात म्हणाली, "चाल घरी, उन्हात काळी होशीन."

(दृश्य: दुपार. मारुतीचा पार. लाकडी बैलांची रांग, माईकचा आवाज.)

वेशभूषा झाली. ढोलकपूरला टाळ्या पडल्या. कालियाचं काम एवढंच होतं की भीमानं बुक्की मारायची आणि त्यानं पडायचं. तो असा झोकून पडला की लोक म्हणाले, पुन्हा एकदा. तो पुन्हा पडला. पाराच्या कडेचा दगड पोटरीला लागला, तरी तिसऱ्यांदा पडला.

नंतर बोजाऱ्याची नाणी मोजत तो पायरीवर बसला होता. मानेवर सकाळची पावडर घामानं रेघारेघांची झाली होती. मी शेजारी बसले आणि विचारलं, तुला खरं कोण व्हायचं होतं? भीम म्हणेल असं मला वाटलं होतं.

"ढोलू," तो म्हणाला. ढोलकपूरमधल्या जुळ्या भावांतला एक.

"ढोलू? काऊन रे?"

"त्याच्यासंग भोलू असते."