धूर विरला, गाळात काय उरलं?

नमस्कार मंडळी. ही वाटी बघा. तळाला ओला गाळ, वर दोन बोटं पाणी. आता समजा, या गाळात ज्वारीच्या कणीएवढा पांढरा फॉस्फरस पडलाय. (घाबरू नका, वाटीत नुसता गाळच आहे.) किती दिवस टिकेल तो?

उघड्यावर असता तर मिनिटंसुद्धा टिकला नसता. हवा लागली की पांढरा फॉस्फरस पेट घेतो आणि दाट धूर सोडतो. सैन्य त्याच धुराच्या आडून हालचाल करतं. धुराचं हवेतल्या बाष्पाशी मिळून फॉस्फरिक आम्ल होतं, मातीत त्याचं फॉस्फेट होतं. खतात असतं तेच. मग काळजी कसली?

अलास्कात अँकरेजजवळ ईगल रिव्हर फ्लॅट्स नावाचं खाजण आहे. तिथे १९४० च्या दशकापासून तोफांचा सराव चालायचा. १९८० च्या सुमारास तिथे बदकं मरताना दिसू लागली, पुढे वर्षाला हजाराच्या घरात. कारण कळायला १९९० उजाडलं. धुराच्या गोळ्यांतले काही कण जळता जळता पाण्यात पडून विझले आणि गाळात रुतले. तिथे प्राणवायूच नाही, मग फॉस्फरस तसाच राहिला, वर्षानुवर्षं. बदक चोचीने चिखल गाळून बिया टिपतं. हा कणही बीएवढाच. गिळला की झटके, आणि मरण. मेलेल्या बदकांवर गरुड उतरायचे, त्यांच्याही पोटात तेच विष जायचं. मला हे वाचताना फार वाईट वाटलं, कारण त्या पाखरांची काहीच चूक नव्हती.

मग उन्हाळ्यात पंप लावून तिथली डबकी उपसली. गाळ वाळला, भेगाळला, आत हवा शिरली आणि फॉस्फरस जिरत गेला.

तोफगोळ्यांतल्या आरडीएक्स या स्फोटकाचं नेमकं उलटं. त्याला जीवाणू फोडतात ते मुख्यतः प्राणवायू नसलेल्या जागी. टीएनटी या दुसऱ्या स्फोटकाचे अवशेष मातीला चिकटून बसतात. आरडीएक्स चिकटत नाही, पावसाबरोबर खाली झिरपतं. मॅसॅच्युसेट्समधल्या केप कॉडला सगळी वाळू, आणि वाळूखालच्या पाण्यात प्राणवायू भरपूर. तिथल्या लष्करी तळावरच्या सरावातलं आरडीएक्स लोकांच्या पिण्याच्या भूजलात उतरलं. १९९७ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने तिथला तोफांचा सराव थांबवला. त्यानंतर ते भूजल पंपाने वर काढून, कोळशातून गाळून पुन्हा जमिनीत सोडावं लागलं.