पिशवी काढली, डोळ्यांचं काय?

दिवाळी सरली की बीडकडच्या गावांत घराघराला कुलपं लागतात. नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक 'कोयता', साखर कारखान्याची वाट धरते. ही बाई पंधरा वर्षं ऊस तोडतेय. तिचा पदर बघा, दर दोन मिनिटांनी डोळ्याला जातो.

"कुसळ गेल्यावानी खुपतंय. आन् पाणी तर सारखं गळतंय."

पाणी गळतंय, तरी डोळा कोरडाच आहे. बुबुळावरची पारदर्शक काच, म्हणजे पारपटल, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत. प्राणवायू ती मुख्यतः हवेतून, अश्रूंच्या थरातून घेते. त्या थरावर तेलाचा पापुद्रा असतो, तो पापण्यांच्या कडेच्या ग्रंथी पुरवतात. तेल कमी पडलं की ओल उडते, काचेतल्या नसा ठणकतात आणि डोळा घाईघाईनं नुसतं पाणी सोडतो. ते डोळ्यात टिकत नाही, गालावर ओघळतं.

या ग्रंथींना चालवतात अँड्रोजेन नावाची हार्मोन्स. त्यांना पुरुषी म्हणतात खरं, पण ती बाईच्या अंडाशयातही बनतात आणि वयाबरोबर कमी होतात. मग पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन या बायकी हार्मोनच्या गोळ्या दिल्या तर? तिथंच गंमत आहे. 2001 साली अमेरिकेतल्या 25 हजारांहून जास्त स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्यांचेच डोळे जास्त कोरडे निघाले.

हिची पाळी मात्र वयानं गेलेली नाही. पस्तिशीच्या आतच गर्भाची पिशवी काढली. पाळीपायी तोडणीत खाडा परवडत नाही. बीडमधल्या अशा ऑपरेशनांची चौकशी करायला 2019 मध्ये सरकारला समिती नेमावी लागली होती. नुसती पिशवी गेली तर अंडाशयं काम करत राहतात. तीही काढली तर हार्मोन्स एकाएकी तुटतात. हिची काढली की ठेवली? तिला ठाऊक नाही. कागद पालावर पावसात भिजला.

आणि अशा कोरड्या काचेवर पाचटाचा ओरखडा बसतो. त्यातून बुरशी शिरली, तर डोळ्यात फूल पडतं.

शिबिरात डॉक्टरीणबाई तिच्या पापणीची कड हलकेच दाबतात. तेल थेंबानं यायला हवं. येतं ते टूथपेस्टसारखं, घट्ट पांढरं. कोमट फडक्यानं शेकायला सांगतात, थेंब लिहून देतात. मग विचारतात, "ताई, पिशवी कधी काढली?"

ती नवऱ्याकडे बघते.

"डोळे दावायला आले मी. पोटाचं काय इचारता?"