पेरूच्या बिया आणि आतड्यातल्या पिशव्या

(नाशिकमध्ये ज्येष्ठ नागरिकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, मघाशी बाहेर चहा चालला होता तेव्हा एक आजोबा जवळ आले आणि म्हणाले, "डॉक्टर, सहा वर्षं झाली, पेरूला तोंड लावलं नाही." का, तर कोलोनोस्कोपीच्या, म्हणजे दुर्बिणीने आतडं तपासण्याच्या, रिपोर्टात मोठ्या आतड्याला पिशव्या आहेत असं निघालं आणि कुणीतरी सांगितलं, बी त्या पिशवीत जाऊन बसेल. तेव्हापासून पेरू बंद, टोमॅटो बंद, वांगं बंद, अंजीर बंद. संक्रांतीचा तिळगूळ हातात घ्यायचा आणि नातवाला द्यायचा. मी विचारलं, मग खाता काय? म्हणाले, "सकाळी चहा-टोस्ट, दुपारी साधं वरण-भात, रात्री मऊ खिचडी." मी भाषणाची टिपणं काढून आणली होती, ती आता पर्समध्येच राहू देते. या आजोबांपासूनच सुरुवात करू.

आधी या पिशव्या म्हणजे काय ते बघू. मोठं आतडं साधारण पाच फूट लांब. आतून मऊ अस्तर, त्यावर स्नायूंचा थर. अस्तराला रक्त पोचवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या त्या स्नायूंच्या थराला भोक पाडून आत शिरतात आणि तेवढी जागा कच्ची राहते. तुम्ही सगळे सायकल चालवून मोठे झालेले आहात. टायर एका जागी झिजला की आतली ट्यूब तिथून फुगा काढते ना? इथेही तसंच होतं. आतला दाब वाढला की अस्तर कच्च्या जागेतून बाहेर डोकावतं. पोटाच्या डाव्या बाजूला, खाली, आतडं इंग्रजी एस अक्षरासारखं वळतं. तिथे ते सगळ्यात अरुंद असतं आणि दाब सगळ्यात जास्त, म्हणून पाश्चात्त्य देशांत बहुतेक पिशव्या तिथेच सापडतात. जपानसारख्या पूर्व आशियाई देशांत मात्र त्या उजव्या बाजूला जास्त दिसतात. तिथे सूज आली तर दुखणं अपेंडिक्ससारखं वाटतं आणि भले भले चकतात.

आता महत्त्वाचं. पिशव्या असणं हा आजार नव्हे. टॉन्सिल सगळ्यांना असतात, टॉन्सिलायटिस सगळ्यांना होत नाही. तसंच हे. रिपोर्टात 'डायव्हर्टिक्युलोसिस' लिहिलं असेल तर पिशव्या आहेत, एवढंच. 'डायव्हर्टिक्युलायटिस' म्हणजे त्यांना सूज आली. अमेरिकेत साठीपुढच्या निम्म्याहून अधिक लोकांना पिशव्या असतात, आणि पिशव्या असलेल्यांपैकी सूज येणारे शंभरात पाचांपेक्षाही कमी. हे आकडे मी आजोबांना चहाच्या टेबलावरच सांगितले. ते म्हणाले, "हे सहा वर्षांपूर्वी कुणी का नाही बोललं?" याचं उत्तर माझ्याकडे नाही.

मग बियांचं काय? बी अडकेल, कुजेल, सूज येईल हा तर्क ऐकायला अगदी पटण्यासारखा आहे. डॉक्टरांनीही तो कित्येक वर्षं सांगितला. माझ्या शिक्षणाच्या काळात आम्हालाही तेच शिकवलं. पण तो कुणी तपासून पाहिला नव्हता. अमेरिकेत 47,228 पुरुषांच्या खाण्याची नोंद ठेवून 18 वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं आणि 2008 साली निष्कर्ष छापून आला. शेंगदाणे-बदामासारखे कवचाचे दाणे, मका, पॉपकॉर्न खाणाऱ्यांना ही सूज जास्त आली नाही. उलट दाणे आणि पॉपकॉर्न वरचेवर खाणाऱ्यांमध्ये ती कमीच दिसली. तेव्हा आजोबा, पेरू सुरू करा. दात नसतील तर बी चावली जात नाही ही वेगळी अडचण, ती दातांच्या डॉक्टरांकडे.

मग खाण्याचा संबंध आहे कुठे? इथे एक गोष्ट सांगते. डेनिस बर्किट नावाचे आयरिश सर्जन युगांडात बरीच वर्षं काम करत होते. त्यांना तिथल्या खेडुतांमध्ये हा आजार जवळजवळ दिसतच नसे. इंग्लंडमध्ये मात्र वॉर्ड भरलेले. त्यांनी आणि इंग्लंडमधले सर्जन नील पेंटर यांनी 1971 साली मांडलं की ताटातून तंतुमय पदार्थ, म्हणजे फायबर, गेल्यामुळे हा आजार होतो. त्याऐवजी ताटात आलं काय, तर कोंडा काढलेलं पीठ, पांढरा पाव, साखर. मल कमी, घट्ट, खडा झालेला, आणि तो पुढे ढकलायला आतड्याला जोर लावावा लागतो. जोर म्हणजे दाब, दाब म्हणजे फुगा. चित्र सुरेख आहे, आणि मलाही ते फार आवडतं. पण खरं सांगायचं तर ते पूर्ण टिकलेलं नाही. 2012 साली दोन हजारांहून अधिक लोकांच्या कोलोनोस्कोपीचा अभ्यास आला. त्यात भरपूर तंतू खाणाऱ्यांना पिशव्या कमी निघाल्या नाहीत, आणि बद्धकोष्ठाचाही सरळ संबंध दिसला नाही. मग टिकलं काय? तंतूंनी पिशव्या होणं थांबतं असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण असलेल्या पिशव्यांचा त्रास, सूज, दवाखान्यात भरती होणं, हे तंतू खाणाऱ्यांत कमी होतं, याला चांगला आधार आहे. इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या 47,033 लोकांच्या 2011 च्या अभ्यासात शाकाहारी लोकांना या आजाराचा धोका 31 टक्क्यांनी कमी निघाला. इथे टाळ्या वाजवणाऱ्यांनी थांबा. तिथल्या शाकाहाऱ्याचं ताट म्हणजे साबुदाणा वडा नव्हे.

आपलं ताट बघू. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला रोज किमान 25 ग्रॅम तंतू सांगते. ज्वारी, बाजरी, नागली, कोंड्यासकट गव्हाचं पीठ, या सगळ्यांत शंभर ग्रॅमला दहा-अकरा ग्रॅम तंतू. मैद्यात तीनसुद्धा नाहीत. दोन भाकऱ्या, वाटीभर मटकीची उसळ, एक पेरू आणि एखादी पालेभाजी, एवढ्यात पंचवीसच्या आसपास पोचता. यात परदेशातून काही आणायचं नाही. पेठ-सुरगाण्याकडची नागली बाजारात मिळते, निफाड-येवल्याच्या घरांत बाजरीची भाकरी अजून होते. आपल्याकडे फॅशन उलटी झाली. गावाकडचा माणूस नाशिकला आला, बंगला बांधला आणि भाकरी सुटली. भाकरी थापणारी सून नोकरीला जाते, तिला दोष द्यायचा नाही. थापायला सासऱ्यांनीही शिकावं. (हशा) हसू नका, हाताचा व्यायाम होतो.

रविवारच्या मिसळीचा विषय निघणारच, म्हणून आधीच सांगते. मिसळीत मटकी आहे, कांदा आहे, लिंबू आहे. फरसाण आणि तर्री यांच्याबद्दल मी काही बोलत नाही. दोन पावांत मात्र जेमतेम दीड-दोन ग्रॅम तंतू. उसळ वाढवून घ्या, दुसरा पाव मागू नका.

एक काळजी घ्या. उद्यापासून एकदम सगळं सुरू केलंत तर पोट फुगेल आणि तुम्ही मला शिव्या द्याल. आठवड्याला थोडं थोडं वाढवा, पाणीही त्याबरोबर वाढवा. इसबगोल घेणाऱ्यांनी तर भरपूर पाण्याबरोबरच घ्यावं, कारण ते पाणी शोषून फुगतं. चमचाभर पाण्यात घेऊन झोपायचं नाही. सोनामुखी असलेली चूर्णं रोजची करू नका.

शौचाची वेळ पाळा. सकाळी पोटात काही गेलं की आतडं स्वतःहून हलतं, म्हणून चहानंतर जावंसं वाटतं. ती हाक ऐकायची. पेपर वाचून मग बघू म्हणत दाबून ठेवली की मल सुकतो आणि मग जोर काढावा लागतो. गुडघ्यांमुळे कमोड बसवलेल्यांनी पायाखाली पाट ठेवावा, गुडघे वर आले की मार्ग सरळ होतो. पाट कुठला ते घरात आधी विचारून घ्या.

चालणं, वजन आटोक्यात, तंबाखू-सिगारेट बंद, लाल मांस कमी. हे तुम्ही शंभर व्याख्यानांत ऐकलंय, मी पुढे जाते. थांबायचं आहे ते वेदनाशामक गोळ्यांवर. गुडघा दुखला की मेडिकलमधून आणलेली आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक. रोज घेतल्याने पिशव्यांना सूज येण्याचा, त्यातून रक्त जाण्याचा धोका वाढतो. आतड्याच्या आजाराचं कारण गुडघ्याच्या गोळ्यांच्या पिशवीत सापडतं, असे पेशंट मी पाहिलेत. हृदयासाठी दिलेली अॅस्पिरिन मात्र माझ्या भाषणावरून बंद करायची नाही, तुमच्या डॉक्टरांना विचारायचं.

आणि हे लक्षात ठेवा. डाव्या ओटीपोटात सतत दुखणं, ताप, उलट्या, किंवा दुखत नसताना शौचावाटे एकदम भरपूर रक्त जाणं. यात घरगुती उपाय नकोत, त्याच दिवशी दवाखाना. सूज असते तेव्हा खाण्याचं हे सगळं उलटं असतं, काही दिवस पातळ, हलकं, बिनकोंड्याचं. भाकरी आणि पेरू नंतर, हळूहळू.

एक चिठ्ठी आली आहे. "द्राक्षं चालतील का?" आपल्याकडची बहुतेक बिनबियांचीच आहेत, आणि बी असती तरी चालली असती. सालासकट खा, फक्त नीट धुऊन. दुसरी चिठ्ठी आजोबांची दिसते. "हुरडा?" जानेवारीत खा हो, पण चावून. आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर घ्या.