खाजणारा चट्टा आणि न खाजणारा चट्टा

मंडळी, पावसाळा लागला की आमच्या दवाखान्यात रांग लागते ती गजकर्णाची. कोणी नायटा म्हणतं. जांघेत, कमरेला, काखेत गोल चट्टा; कडा लालसर, जरा उंच, खवल्यांची; मधला भाग मात्र बरा होत आल्यासारखा. ही बुरशी. घाम आणि ओल असली की तिचं फावतं.

अशा पेशंटला मी आधी विचारतो, "काय लावलंत?" उत्तर ठरलेलं. "काही नाही हो, साधी ट्यूब." मग पिशवीतून ती साधी ट्यूब निघते. तिच्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं असतं: एक औषध बुरशीचं, एक जंतूंचं आणि एक स्टेरॉइड, बहुतेकदा क्लोबेटासोल. स्टेरॉइड वाईट नाही, इसबावर मी स्वतः लिहून देतो. पण गजकर्णाची लाली आणि खाज म्हणजे शरीराची बुरशीशी चाललेली लढाई असते. स्टेरॉइड लढणाऱ्यालाच झोपवतं. दोन दिवसांत खाज थांबते, माणूस खूश, आणि बुरशी निवांत पसरते. ट्यूब बंद केली की दुप्पट खाज, की पुन्हा ट्यूब. सहा महिन्यांनी माझ्याकडे येईपर्यंत चट्ट्याचं रूप इतकं बदललेलं असतं की मलाही खवले खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघावे लागतात. जांघेत बाळंतपणानंतर पोटावर पडतात तसे पट्टे उमटतात, ते वेगळंच. ते जन्मभर जात नाहीत.

2018 साली अशी बरीच स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आली. तरी मिळतात, हे तुम्हालाही ठाऊक आहे. आता आपल्याकडच्या गजकर्णात जी बुरशी वरचेवर सापडते, तिचं नाव ट्रायकोफायटन इंडोटिनी. 2020 साली जपानी संशोधकांनी ठेवलं. भारताचं नाव कशाकशाला मिळावं! नेहमीच्या गोळीला ती अनेकदा दाद देत नाही, म्हणून उपचार आठवड्यांचे असतात आणि चट्टा दिसेनासा झाला तरी थांबवायचे नसतात. टॉवेल वेगळा, कपडे उन्हात कडक वाळलेले, आणि घरात आणखी कोणी खाजवत असेल तर त्यालाही घेऊन या.

रात्री अंथरुणात खाज वाढते, बोटांच्या बेचक्यांत पुरळ आहे, घरात दोघं-तिघं खाजवतायत? मग ती खरूज. मलम घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, खाज नसलेल्यांनीही. नाहीतर ती घरातल्या घरात फिरत राहते.

ही खाजरी माणसं उशिरा का होईना, येतात. माझी काळजी वेगळ्या चट्ट्याची आहे, कुष्ठरोगाच्या. फिकट किंवा तांबूस, न खाजणारा, न दुखणारा. तिथे घाम येत नाही, लव विरळ होते, आणि गरम भांडं लागलं तरी कळत नाही. डोळे मिटून कापसाचा बोळा फिरवा. शेजारच्या कातडीवर कळतो आणि चट्ट्यावर कळत नाही, तर त्याच आठवड्यात सरकारी दवाखाना गाठा. कुष्ठरोगाची औषधं तिथे फुकट मिळतात, प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने. उशीर झाला तर औषधाने जंतू मरतात, पण बधिर झालेला हात परत येत नाही. लपवण्याचं कारण मला समजतं. 2019 पर्यंत आपल्या कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण होतं! पण म्हणून प्रत्येक पांढऱ्या डागाला घाबरू नका. मुलांच्या गालावरची शिबं निरुपद्रवी असतात. कोड दुधासारखं पांढरं असतं, तिथे स्पर्श नीट कळतो आणि ते कुणाला लागत नाही.

मघाशी एका आजींनी चिठ्ठी पाठवली: नागिणीचा विळखा पुरा झाला तर माणूस जातो का? आजी, ती साप नाही. लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूत दडून बसतो आणि पुढे त्याच तंतूच्या वाटेने उठतो, म्हणून फोड बहुधा एकाच बाजूला, पट्ट्यासारखे येतात. विळखा पुरा होण्याची भीती नको. गेरू लावण्यात दिवस जातात, ती भीती खरी. गोळ्या पहिल्या 72 तासांत सुरू झाल्या तर सगळ्यात उपयोगी. फोड कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर असतील तर डोळ्याचा प्रश्न आहे, त्याच दिवशी या.

आणि नवीन गोळी सुरू केल्यावर अंगभर पुरळ, सोबत ताप, तोंडात-डोळ्यांत फोड, कातडी सोलल्यासारखी, असं झालं तर माझ्या दवाखान्याची वेळ बघत बसू नका. गोळी बंद करा, तिचं पाकीट खिशात घाला आणि थेट मोठ्या रुग्णालयात जा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.